काठोकाठ

१

दर्शना दळवींनी पहिला घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, ओठांवरून जीभ फिरवली आणि फार जपून विचारलं, "अपूर्व, यात मीठ मुद्दाम घातलंयस का?"

सगळे हसले. पाहुणीने थट्टा केली असंच वाटलं. अपूर्व आठल्येनेही हसत हसत आपला ग्लास तोंडाला लावला, आणि मग त्याचं हसू कुठल्या कुठे पळालं.

पालीच्या बाहेर कोल्हापूर रस्त्याला लागून आठल्यांचा जुना आंब्याचा कारखाना आहे. रसाचे डबे भरायचे दिवस संपले. मुलगा बेल्जियममध्ये बिअर बनवायचं शिकून आला आणि त्याच छपराखाली त्याने नवा संसार मांडला. हलकी सोनेरी बिअर रत्नागिरीच्या हॉटेलांत जेमतेम खपायची. पण अपूर्वचा जीव अडकला होता तो मागच्या खोलीतल्या एका ओकच्या पिंपात. बेल्जियन पद्धतीची गडद, जड बिअर त्यात दोन पावसाळे मुरत पडली होती. दर्शनाबाईंची मुंबईत हॉटेलं. त्यांना ही पसंत पडली तर कारखाना तरला, नाहीतर दिवाळीनंतर कुलूप, असा सरळ मामला होता.

"भागोजीकाका, तुम्ही बघा हो," अपूर्वने ग्लास पुढे केला.

भागोजी शितप हे दारूबंदी खात्यातून निवृत्त झालेले दुय्यम निरीक्षक. सगळी नोकरी हातभट्ट्या हुंगण्यात गेली. काजूची, गुळाची, नवसागराची, सगळी दारू त्यांच्या जिभेवरून गेली, पण घशाखाली एक थेंब उतरला नाही. थेंब जिभेवर घ्यायचा, डोळे मिटायचे, मग चूळ. पालीत लोक म्हणत, भागोजी नाक मुठीत धरून नव्हे, नाकाच्या जोरावर जगला.

त्यांनी ग्लास नाकाशी नेला. खारीक, काकवी, एखादी लवंग, आणि नवं कपाट उघडल्यावर येतो तसा लाकडाचा वास. झकास! मग थेंब जिभेवर घेतला. आधी गोड आली, मग थोडी आंबूस, मग लाकडाचा तुरटपणा, आणि सगळ्यात शेवटी, जिभेच्या कडांना चिकटून बसलेलं मीठ. उमदं पोर ऐन लग्नात शिंकावं तसं झालं.

त्यांनी चूळ भरली. "मीठच आहे," ते म्हणाले.

अपूर्व गर्रकन वळला. दाराशी शिवा उभा होता. पूर्णगडचा हा माणूस कारखाना उघडला त्या दिवसापासून इथे होता, आणि पिंपाच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला असायची.

"चोरून प्यायलास! आणि वर पाणी ओतून ठेवलंस. तुमच्याकडचं खाडीचं खारं पाणी!"

"मी नाय केलं, मालक."

"मग किल्ली कोणाकडे होती?"

शिवाने मान वर केली. कारखान्याच्या पडवीच्या टोकाला आरामखुर्चीत अपूर्वचे वडील, दत्तात्रेय आठल्ये, पेपर वाचत बसले होते. शिवाची नजर क्षणभर त्यांच्याकडे गेली आणि परत जमिनीला लागली.

"माझ्याकडं," तो म्हणाला.

"चालता हो. चोरी कबूल केली नाहीस तर संध्याकाळी पोलिसांत देतो."

पेपराचं पान उलटल्याचा आवाज तेवढा झाला.

२

दर्शनाबाई शहाण्या. "मी रत्नागिरीत मुक्कामाला आहे, उद्या बोलू," म्हणून निघून गेल्या. उद्या काय बोलणार ते सगळ्यांना कळत होतं.

भागोजींना मात्र पिंपापेक्षा शिवाची काळजी लागली. पूर्णगडला शिमग्यात पालखीला पहिला खांदा द्यायचा मान शिवाच्या घरचा. चोर म्हणून नाव निघालं की तो खांदा गेला. मालक उद्या चुकलो म्हणेल, गाव कशाला म्हणेल?

"अपूर्व, पोलीस राहू दे. आधी मला खोली दाखव."

मागच्या खोलीला जुनी माणसं अजून खाराची खोली म्हणत. पूर्वी तिथे खारवलेल्या कैऱ्यांची पिंपं असायची. आता मधोमध ओकचं एकच पिंप आडवं निजलं होतं, पोटावरचं बूच उघडलेलं.

"सकाळी उघडलंस तेव्हा कसं होतं?"

"काठोकाठ भरलेलं. बूच काढलं तर बोटाला लागली."

"असायला हवं होतं?"

अपूर्व ओशाळला. "खरं तर नाही. लाकूड थोडी पितं, हवा थोडी पिते. तिकडे म्हणतात, तो देवदूतांचा वाटा."

"आपल्याकडे गावच्या राखणदाराचा म्हणू. केवढा असतो हा वाटा?"

"चार बोटं तरी खाली जायला हवी होती. मला वाटलं, पावसाळ्यात लाकूड फुगलं असेल. आनंदात होतो हो काका, डोकं चाललं नाही."

"आणि हे वाट्याचं शिवाला ठाऊक होतं?"

"मीच शिकवलंय. मी त्याला रोज सांगायचो, कमी होईल ती होऊ दे, पण उगाच उघडू नको, हवा शिरली की बिअर गेली."

"मोठ्याने सांगायचास?"

"म्हणजे? पडवीत बसून सांगायचो. त्यात काय?"

भागोजी खाली वाकले. त्यांनी जमिनीवरून एक फडकं उचललं. पांढरं, पातळ, धुऊन धुऊन विरलेलं, एका कडेला तांबडी किनार.

"हे कुठलं?"

"बुचावर बांधलेलं होतं. शिवाने बांधलं असेल, माश्या बसू नयेत म्हणून. मी फेकून दिलं."

भागोजींनी फडकं चुरगाळलं. ते कडक झालं होतं, आणि घडीत पांढरी पूड होती. त्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलं. इतकी वर्षं गुन्हेगार सापडला की त्यांना बरं वाटायचं. आज मात्र त्यांनी ते फडकं घाईघाईने खिशात कोंबलं.

३

अपूर्वचा चुलतभाऊ स्वरूप धंद्यात भागीदार होता, आणि गेलं वर्षभर त्याला त्यातून सुटायचं होतं. हलकी बिअर लवकर होते, लवकर खपते. हे पिंप कवटाळून काय बसायचं, हे त्याचं म्हणणं सगळ्या पालीला पाठ होतं.

"माझ्यावर संशय घेताय ना?" भागोजींना पाहून तो स्वतःच म्हणाला. "घ्या! पण काका, पिंप नासलं तर मला कोण सोडवणार? ते विकलं गेलं असतं तर मी आज मोकळा होतो. ज्या फांदीवरून उतरायचं तीच कोण तोडेल?"

"खोलीत कधी गेलास?"

"मला त्या लाकडाच्या वासाने शिंका येतात. आणि किल्ली मागायची तर शिवाकडे. आमचं बोलणं नाही. त्याला कामचुकार म्हणालो होतो एकदा, तेव्हापासून तो मला पाणीसुद्धा विचारत नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "तोच आहे हो. पूर्णगडला खाडीचं पाणी. मीठ आलं कुठून मग?"

"वा रे पठ्ठ्या! म्हणजे शिवा बिअर प्यायला, आणि वर घालायला पूर्णगडहून एस.टी.त बसून पाणी घेऊन आला? दाराशी गोड विहीर असताना?"

स्वरूपने विहिरीकडे नजर टाकली.

"शिवाय खाडीचं पाणी कडवट लागतं," भागोजी पुढे म्हणाले. " हे कडवट नाही. हे घरातलं मीठ आहे, विरघळवून, गाळून घेतलेलं."

"मग कुणीतरी वैऱ्याने टाकलं असेल."

"वैरी मूठभर मीठ टाकून पळेल. तो बुचाला फडकं बांधत बसत नाही," भागोजी म्हणाले आणि छत्री घेऊन उन्हात निघाले.

४

शिवा पालीच्या स्टँडवर पिशवी घेऊन बसला होता. पूर्णगडला जायचं तर आधी रत्नागिरी गाठायची, आणि गाडीला अवकाश होता.

भागोजी शेजारी टेकले. "शिवा, मला ठाऊक आहे तू केलं नाहीस."

"मग मालकाला सांगा."

"का केलं नाहीस तेही सांगतो. चोर चोरी लपवायला पाणी घालतो. पण तुला माहीत होतं की चार बोटं कमी व्हायलाच हवी. तू घातलं असतंस तर तेवढं सोडून घातलं असतंस. काठोकाठ भरून ठेवणारा माणूस वेगळा. त्याला कमी झालेलं बघवत नव्हतं."

शिवाने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"किल्ली तू कोणाला देत होतास?"

"नाय सांगणार."

"अरे मेल्या, पोलिसांत जाशील! पालखीचं काय?"

"शब्द दिलाय, साहेब." शिवाचे डोळे भरून आले होते. "माणूस एवढा मोठा, आनि माझ्यापुढं हात जोडून म्हनतो, कोनाला बोलू नको. मला वाटलं, नुसता बघाया जातो. पिंपावर हात ठेवून उभा ऱ्हातो, मी दारातून बघितलाय. त्यात काय वाईट हाय? मी कसा बोलू? तो माणूस सोता तिथं बसला व्हता. त्यानंच बोलावं."

पुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. आठल्यांच्या घरात शिवाने ज्याच्यासाठी जीभ आवरून धरावी असा एकच माणूस होता, आणि तो भागोजींचा शाळेपासूनचा मित्र होता.

"गाडी आली तरी चढू नकोस. माझ्यासाठी थांब."

"ही गाडी सोडतो. फुडची नाय सोडनार," शिवा म्हणाला.

५

दत्तात्रेय आठल्ये, म्हणजे अख्ख्या पालीचे अण्णा, घराच्या मागच्या ओटीवर जेवायला बसले होते. मऊ भात, तूप आणि खारातली कैरी. अंगात बनियन, कमरेला पंचा. भिंतीशी चिनीमातीच्या बरण्या ओळीने मांडलेल्या.

"ये रे भागोजी. कैरी खातोस?"

"दे. दत्ता, तुझ्या कैऱ्या वर्षभर राहतात, आमच्या घरी गणपतीपर्यंत बुरशी. चुकतं कुठे?"

अण्णांचा चेहरा खुलला. या विषयावर त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी चालायचं. "तुम्ही शिंचे कच्चं पाणी घालता! पाणी उकळून गार करावं, मीठ विरघळवावं, गाळून घालावं. नुसतं पाणी घातलंस की नासलंच. आणि बरणी काठोकाठ हवी. वर जागा राहिली की हवा, हवा राहिली की बुरशी. थोडं कमी झालं की लगेच भर घालायची आणि वर फडक्याचा दादरा बांधायचा."

"कमी झालं ते कळतं कसं? झाकण उघडून?"

"छे! उघडायचं कशाला?" अण्णांनी बोटाच्या पेराने शेजारची बरणी वरपासून खाली वाजवली. "फणस वाजवतो तशी वाजवायची. पोकळ कुठवर बोलते ते ऐकायचं."

"लाकडी पिंपही असंच बोलतं?"

अण्णांचा हात बरणीवरच राहिला.

भागोजींनी खिशातून फडकं काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं. तांबडी किनार. अण्णांच्या कमरेच्या पंच्यालाही तीच होती.

"दत्ता, चोर मीठ घालत नाही आणि वैरी दादरा बांधत नाही. हे टिकवणाऱ्याचं काम आहे."

अण्णांनी फडक्याची घडी घातली. "शिमग्यात कोणी नव्हतं," ते बोलू लागले. "अपूर्व मुंबईला. शिवा गावाला निघाला तेव्हा किल्ली मीच मागून घेतली. आयुष्य गेलं माझं त्या खोलीत. म्हटलं, जरा बघावं, पोराने काय मांडलंय. वाजवलं, तर चार बोटं पोकळ! माझ्या काळजात धस्स झालं. तो पडवीत सारखा ओरडायचा ना, हवा शिरली की बिअर गेली, तेवढंच कानात राहिलं. पिंप गळतंय असं वाटलं मला. विचारायचं कोणाला? मी दारूच्या धंद्याला हात लावणार नाही, असं तीन वर्षांपूर्वी चारचौघांत बोलून बसलोय. कोणत्या तोंडाने विचारू?"

"म्हणून खार घातलास."

"अगदी बेताचा रे. मग दर अमावास्येला वाजवून बघायचो, थोडं कमी की थोडं घालायचो. शिवा जेवायला बसला की किल्ली घ्यायचो. मला बरं वाटायचं, भागोजी. पोराचं काहीतरी मी सांभाळतोय असं वाटायचं."

"आणि आज सकाळी?"

अण्णांनी ताट बाजूला सारलं. "बाईंनी मीठ म्हटलं आणि मला समजलं. तोंडाशी आलं होतं. पण परकी बाई, स्वरूप, सगळे समोर. म्हटलं, पाहुणी गेली की बोलू. तेवढ्यात अपूर्वने शिवाला धरलं. शिवाने माझ्याकडे बघितलं आणि मी... मी पान उलटलं."

बाहेर पायरीवर पाऊल वाजलं. अपूर्व दारात उभा होता. किती ऐकलं होतं, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

६

तिघे अपूर्वच्या गाडीतून स्टँडवर गेले. अण्णा पायांत चप्पल घालायलाही विसरले होते.

शिवा उठून उभा राहिला. एवढ्या सगळ्यानंतरही मालक दिसल्यावर तो उठला, याचंच भागोजींना फार वाईट वाटलं.

"शिवा, चुकलो रे मी," अपूर्व म्हणाला. "चल परत. मी पूर्णगडला येऊन सांगतो. मानकऱ्यांसमोर सांगतो."

"सांगा, मालक. ते सांगायलाच पायजे. माझ्या पालखीचा सवाल हाय." त्याने पिशवी खांद्याला लावली. "पन मी नाय येत."

अण्णा पुढे झाले. भर स्टँडवर त्यांनी हात जोडले. "शिवा, माझ्यामुळे झालं. मी तिथेच बोलायला हवं होतं."

"व्हय अण्णा, तितंच बोलाया पायजे व्हतं." शिवाच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर समजूत घालता आली असती. "मीठ काय, कोनाच्या हातनं पन पडतं. मी तुमच्याकडं बघितलं, तवा मला वाटलं, आता अण्णा उठतील. पेपर खाली ठेवतील. मी वाट बघितली."

गाडी फलाटाला लागली. शिवाने कमरेची किल्ली सोडली आणि अण्णांच्या जोडलेल्या हातांत ठेवली.

"ही तुमच्याकडंच असूंदे. तशी मागं पन तुमच्याकडंच व्हती."

तो चढला. खिडकीशी बसला, पण या बाजूच्या नाही.

परत आल्यावर अण्णा घरात गेले नाहीत. सरळ कारखान्यात शिरले, त्या किल्लीने मागची खोली उघडली आणि पिंपाशी जाऊन उभे राहिले. अपूर्व मागोमाग आला. दर्शनाबाईंना फोन करायचा होता, तो हातातच राहिला होता.

"मला दे थोडी," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही?"

"दे रे."

अपूर्वने ग्लासात ओतली. आयुष्यात कधी न प्यायलेल्या माणसाने औषध घ्यावं तसा अण्णांनी घोट घेतला, आणि मग तोंडात धरून ठेवला. भागोजींना ठाऊक होतं, आधी खारीक येईल, मग काकवी, मग लाकूड.

"मिठाच्या आधी जे लागतं," अण्णांनी विचारलं, "ते सगळं तू केलंस?"

"हो."

"चांगली झाली होती रे."

अपूर्वने फोन खिशात ठेवला. तीन वर्षं तो याच एका वाक्याची वाट बघत होता. "हे आधी बोलायचं होतं, अण्णा," तो एवढंच म्हणाला.

"दोन्ही," अण्णा म्हणाले. "हेही आणि सकाळचंही. दोन्ही आधी बोलायचं होतं."

त्यांनी ग्लास भागोजींच्या हातात दिला. भागोजींनी एक घोट घेतला, सवयीने चूळ भरायला मोरीकडे वळले, आणि कोण जाणे का, गिळून टाकला.